जरा कळ काढा, ताई

"मॅडम, माझं वय ५३. सांगलीत विश्रामबागला राहते, तासगावला एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षं झाली, लघवीची कळ आली की थांबताच येत नाही. दिवसातून पंधरा-सोळा वेळा जाते, रात्री तीनदा उठते, आणि होते मात्र थोडीशीच. खोकल्या-शिंकल्यावर काही होत नाही. पण दाराशी आले, कुलपाला किल्ली लावली की साडी ओली. नळाला पाणी आल्याचा आवाज ऐकला तरी तेच. एसटीनं जाते, कवलापूर आलं की धडधड सुरू होते, म्हणून सकाळी पाणी पिणंच सोडलंय. डॉक्टरांनी लघवी, साखर, सोनोग्राफी सगळं बघितलं, काही दोष नाही म्हणाले. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडली, शौचाला खडा व्हायला लागला, म्हणून मीच बंद केल्या. मग व्यायामाचा एक छापील कागद मिळाला. दहा दिवस केले, फरक शून्य. मूत्राशय म्हणजे काय दंड आहे का, व्यायामानं बळकट व्हायला? आणि वैशाखात भाचीचं लग्न आहे पुण्याला. पाच तासांचा प्रवास. जाऊ की नको? नाव छापू नका."

ताई, तुमच्या पत्रातला दंडाचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण नेमकं तिथंच सगळं अडलंय. तुमचं मूत्राशय दुबळं नाहीच. उलट ते नको तेवढं तत्पर झालंय. शाळा सुटायची घंटा व्हायच्या आधीच दप्तर आवरून दाराशी उभं राहणारं पोर असतं ना, तसं.

मूत्राशय ही स्नायूचीच पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलि लघवी मावते. १५०-२०० च्या आसपास पहिली जाणीव होते, ती "भरतंय हं" इतकीच. तिच्याकडे काणाडोळा करून माणूस पुढं बराच वेळ कामात राहू शकतो, कारण तेवढा वेळ पिशवीचा स्नायू गप्प पडून असतो. तुमचा स्नायू गप्प राहत नाही. पिशवी निम्मीही भरलेली नसताना तो आवळायला लागतो. म्हणून घाई अशी की जीव जातो की काय, आणि गेल्यावर होते वाटीभर. डॉक्टर याला ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. खोकल्यावर, उडी मारल्यावर थेंब गळतात तो प्रकार वेगळा. काही बायकांना दोन्ही असतात, तुम्हाला सध्या एकच दिसतोय.

मग व्यायाम कशाचा? मूत्राशयाचा नव्हेच. त्याच्या खाली स्नायूंची एक झोळी आहे, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत टांगलेली. लघवीची वाट, योनी आणि गुदद्वार, तिन्ही वाटा या झोळीतून जातात. आता यातली खरी गंमत ऐका. आपण लघवीला बसतो तेव्हा आधी ही झोळी सैल सुटते आणि मग मूत्राशय आवळतं. हा क्रम शरीरात पक्का बसलेला आहे, आणि तो उलटाही चालतो: झोळी आवळली की मज्जारज्जूमार्फत मूत्राशयाला निरोप जातो, "अजून नाही, सैल पड." म्हणजे या व्यायामानं तुम्ही मूत्राशयाला बळ देत नाही, त्याला गप्प करायचं बटण हाताशी आणता.

हे बटण लहान मुलींना न शिकवता सापडतं. खेळ अर्धवट सोडायचा नसतो, तेव्हा पोरगी मधेच खाली बसते, एका पायाची टाच बुडाखाली दाबून धरते, चेहरा गंभीर, आणि दोन मिनिटांनी उठून पुन्हा पळते. आपण ओरडतो, "अगं जा की, लागलीय ना?" ती बिचारी तिच्या परीनं हेच करत असते. (रोजच असं करणाऱ्या मुलीला मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.)

आता तुम्ही काय करता ते बघू. कळ आली की धावता. माझ्या मते सगळा घोटाळा या धावण्यात आहे. कळ ही लाट असते. चढते, टोकाला जाते आणि ओसरते, पुष्कळदा मिनिटभरातच. तुम्ही लाट टोकाला असताना पळत सुटता. पळताना पोटाचा दाब खाली येतो, झोळीला हिसके बसतात, मन तर आधीच घाबरलेलं, आणि बाथरूमचं दार दिसलं की मूत्राशय म्हणतं, आलंच की! दोन वर्षांत तुम्ही ही लाट ओसरताना एकदाही पाहिलेली नाही. आपल्या आयांना मात्र शब्द बरोबर सापडला होता. पोटात येते तीही कळ, आणि थांब म्हणायचं तर "जरा कळ काढ."

कळ कशी काढायची ते तुमच्याच दाराशी उभं राहून सांगते. संध्याकाळी जिना चढून आलात, किल्ली हातात, कळ आली. किल्ली कुलपाला लावू नका. पिशवी खाली ठेवा, भिंतीला पाठ टेका, खांदे सोडा. झोळी पटपट पाच-सहा वेळा आवळा आणि सोडा. प्रत्येक वेळी पूर्ण सोडायची, अर्धी नाही. मग एकदा आवळून धरून ठेवा, श्वास चालू ठेवा. आणि डोक्याला दुसरं काम द्या. बाकीच्या बायकांना मी शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्ही तेरा-तेरा वजा करा. आकडा चुकला तरी चालेल. कळ थोडी उतरली असं वाटलं की मग कुलूप उघडा, चपला काढा, दिवा लावा आणि चालत जा. घाई उतरलेली असेल तर लगेच जाऊही नका, खुर्चीवर दोन मिनिटं टेका.

पहिले काही दिवस दाराशी थेंब जातील, साडीही ओली होईल. म्हणून पॅड लावून ठेवा आणि त्याचं दुःख करू नका. मेंदूनं किल्लीची आणि लघवीची गाठ दोन वर्षं रोज मारलीय, ती एका संध्याकाळी सुटत नाही. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम एक करा: नुकत्याच बाथरूमला जाऊन आलेल्या असताना बाहेर जा, दार लावा, किल्ली लावून उघडा, आत येऊन निवांत बसा. पाच-सहा वेळा. शेजारीण विचारेल काय चाललंय; कुलूप अडकतंय म्हणावं. नळाचंही तसंच. पिशवी रिकामी असताना नळ सोडून जवळ उभ्या राहा, आवळा-सोडा करत. पाण्याचा आवाज म्हणजे लघवी नव्हे, हे मूत्राशयाला असंच पुन्हा पुन्हा समजावावं लागतं.

पण ऐन वेळी बटण दाबायचं तर ते कुठं आहे ते आधी माहीत हवं, आणि तुमचा छापील कागद बहुधा इथंच फसला. कागदावर लिहितात "स्नायू आवळा", आणि बाई पोट आवळते. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर चार महिने चुकीचं करत होते. नाकासमोर पुस्तक, पोट आत, ढुंगण घट्ट, श्वास कोंडलेला. आणि झोळी जागची हललेलीसुद्धा नाही. एका मैत्रिणीनं तपासून सांगितलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

तर असं करा. गादीवर उताण्या पडा, गुडघे मुडपलेले. चारचौघांत बसलोय आणि वारा सरतोय असं वाटल्यावर आपण मागून कसं आवळून घेतो, तसं मागून आवळा. तीच ओढ पुढं आणा, योनीपर्यंत, लघवीच्या वाटेपर्यंत. आणि मग वर उचला, जणू आत खेचून घेताय. खात्री करायची असेल तर हातआरसा धरून बघा: गुदद्वार आणि योनी यांच्या मधला भाग आत-वर गेला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही कुंथताय, म्हणजे बरोबर उलटं करताय, थांबा. मांड्या, ढुंगण, पोटाचा वरचा भाग, जबडा, सगळं सैल. श्वास कोंडला जाऊ नये म्हणून मोठ्यानं मोजा, किंवा "जय जय रामकृष्ण हरी" म्हणा. बोलताना श्वास कोंडता येत नाही. योगवर्गाला गेला असाल तर मूळबंध म्हणून याच्या जवळचंच काहीतरी शिकवलं असेल. फक्त इथं श्वास रोखायचा नाही.

एक गोष्ट करू नका. लघवी करता करता धार मधेच अडवायचा "व्यायाम" पुष्कळजणी करतात. स्नायू कुठला ते कळायला एकदा केलं तर केलं. रोज केलं तर पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय लागते.

किती करायचं? तीन-चार सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा, असं आठ ते दहा वेळा. शेवटी दहा झटपट आवळ-सोड. दिवसातून तीन वेळा. दर आठवड्याला एखादा सेकंद वाढवत दहापर्यंत न्या. पहिले पंधरा दिवस पडून, मग बसून, मग उभं राहून, कारण तुम्हाला ते दाराशी उभ्यानंच वापरायचंय. आणि सोडण्याकडे आवळण्याइतकंच लक्ष द्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणालाही विचारा, खुंटी पिळतच राहिलात तर तारेचं काय होतं. काही बायकांची झोळी मुळातच ताठ असते: लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, संबंधाच्या वेळी दुखतं, तपासतानाही दुखतं. त्यांना आधी सैल सोडणं शिकवावं लागतं, आवळायचे व्यायाम त्यांना त्रासाचेच ठरतात. यातलं काही तुमच्यात असेल तर कागद बाजूला ठेवा आणि पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे या झोळीचं, काम करणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्टला गाठा. एरवीही एकदा हातानं तपासून घ्यावं असं माझं मत आहे. लाजण्यासारखं त्यात काही नाही, दहा मिनिटांचं काम.

दहा दिवसांत फरक नाही म्हणता. ताई, दहा दिवसांत मिसरीसुद्धा सुटत नाही. मूत्राशयाला वळण लावायला किमान सहा आठवडे आणि झोळीच्या व्यायामाला तीन महिने, असा हिशेब डॉक्टरमंडळी धरतात. आर्नल्ड केगेल नावाच्या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, ते खोकल्यावर गळणाऱ्या लघवीसाठी. घाईच्या लघवीसाठी त्यांचा उपयोग नंतर ध्यानात आला. १९९८ मध्ये अमेरिकेत ५५ वर्षांवरच्या १९७ बायकांवर झालेला एक अभ्यास आमच्या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. एका गटाला हेच शिकवलं: झोळी ओळखा, कळ आली की थांबा, आवळा, मग चालत जा. दुसऱ्या गटाला गोळी, तिसऱ्याला नुसती खोटी, औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांनी कपडे ओले होण्याचे प्रसंग पहिल्या गटात सुमारे ८१ टक्के कमी झाले, गोळीवाल्यांत ६९ आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत ३९. म्हणून मी कागदाला नावं ठेवते, व्यायामाला नाही.

म्हणजे गोळ्या वाईट असंही नव्हे. तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ हे त्या जातीच्या गोळ्यांचे नेहमीचे त्रास आहेत, आणि बद्धकोष्ठानं मूत्राशयावर दाब येऊन घाई वाढतेसुद्धा. पण दुसऱ्या जातीची गोळीही असते, तिनं तोंड तितकं कोरडं पडत नाही. रक्तदाबावर मात्र लक्ष ठेवावं लागतं. मनानं बंद केल्या ते डॉक्टरांना सांगा. पाळी गेल्यावर खाली कोरडेपणा, चुरचुर असेल तर तेही सांगा. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमनं पुष्कळजणींची घाई उतरते. बायका हे सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

आता वही. पतसंस्थेत रोजमेळ लिहिता तसा तीन दिवसांचा लघवीचा रोजमेळ लिहा. एक जुना प्लॅस्टिकचा मग घ्या, औषधाच्या मापानं किंवा अर्ध्या लिटरच्या बाटलीनं त्यावर मार्करच्या खुणा करा. किती वाजता गेले, किती मिलि झाली, घाई किती होती, ओलं झालं का, आणि काय प्यायले. तीन दिवसांपैकी एक सुट्टीचा असू द्या. बघाल तर मधलं अंतर कुठं पाऊण तास, कुठं दीड तास असेल. जे अंतर तुम्हाला बिनत्रासाचं जातं, तिथून सुरुवात करा. समजा ते एक तास आहे, तर आठवडाभर दर तासालाच जायचं. आधी कळ आली तर दाराशी सांगितलं तेच करायचं. पुढच्या आठवड्यात सव्वा तास. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर आलात की पोचलात. रात्री हा नियम नको, झोप मोडून घड्याळ बघू नका.

वहीत आणखी एक सापडेल: "निघताना जाऊन येते." आईनं लावलेली सवय, "लागली नसली तरी जाऊन ये." घरातून निघताना एकदा ठीक आहे. पण चहाच्या आधी, मीटिंगच्या आधी, जेवायच्या आधी, साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधी असं चाललं तर मूत्राशयाला अर्धं भरायचं कसं हेच आठवत नाही.

आणि पाणी. सकाळी पाणी सोडलंत, तर लघवी दाट होते, दाट लघवी आतून झोंबते, घाई वाढते, वर शौचाला खडा होतो तो वेगळाच. दिवसाला दीड ते दोन लिटर, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त, थोडं थोडं करून प्या. एकदम तांब्याभर नको. कपात करायची तर चहाची करा. पतसंस्थेत दिवसाला किती कप होतात ते मला माहीत आहे; ठेवीदार आला की एक, वसुलीवाला आला की एक. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोनवर या. एकदम सोडलात तर डोकं दुखेल आणि शिव्या मला बसतील. रात्रीसाठी झोपायच्या आधी दोन-तीन तास पिणं आवरतं घ्या. दिवसभर खुर्चीत बसून घोटे सुजत असतील तर संध्याकाळी अर्धा तास पाय उंच ठेवून पडा, पायातलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटेच उतरतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर कुठली आणि किती वाजता, हेही डॉक्टरांना विचारा. काही लघवी वाढवतात, काहींनी पाय सुजतात.

पाणी न पिण्याबद्दल मी तुम्हाला रागावणार नाही. बसस्थानकांवरची बायकांची स्वच्छतागृहं मीही बघितलीत. आत जाताना साडी उचलावी की नाक दाबावं, हात दोनच. सहा तास कोरडं राहून प्रवास करणाऱ्या आपल्या बायका हौसेनं तसं करत नाहीत.

सगळं तपासलंय म्हणता म्हणून मी व्यायामावर इतकं बोलले. पण लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडकल्यासारखी वाटणं, अंग बाहेर आल्यासारखं जड वाटणं, ओटीपोट सतत फुगलेलं राहणं, यांतलं काहीही दिसलं तर आधी डॉक्टर. पायांत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी.

राहिलं लग्न. जा. वैशाखाला अजून तीन महिने आहेत, म्हणजे मोजून तेवढेच जेवढे या व्यायामाला लागतात. तोवर तासगावची एसटी हा तुमचा सराव. आता कवलापूरला धडधडतं, तर त्याच्या आधीचं माधवनगर ओलांडलं की, कळ यायच्या आधीच, सीटवर बसल्या बसल्या दहा वेळा आवळा-सोडा. तोंडावर काही दिसत नाही, शेजारी बसलेल्या बाईला वाटेल तुम्ही नाव घेताय. महिनाभरात धडधड पुढच्या कवठेएकंदला सरकली तरी मला कळवा. पुण्याला जाताना खिडकीचा हट्ट सोडा, वाटेकडची सीट घ्या. मधल्या थांब्याला उतरा, वेळ झाली असेल तर जा, नसेल तर पाय मोकळे करून परत चढा. पिशवीत दोन पॅड आणि एक परकर असू द्या, लागला नाही तर तसाच घडी घातलेला परत येईल. आणि कार्यालयात पोचल्यावर बाथरूम कुठं आहे ते पहिल्यांदा विचारू नका. आधी भाचीला भेटा.